सोळा पायऱ्या आणि एक रजिस्टर
(मेळाव्यातील भाषण)



गेल्या वर्षी आम्ही मॉरिशसला जाऊन आलो. समुद्र बघायला मिठबावच्या माणसाने एवढ्या लांब कशाला जावे, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. पण तिथल्या पोर्ट लुई बंदरातल्या ‘आप्रवासी घाटा’विषयी मला तुम्हाला सांगायचे आहे.

इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी बंद होऊ लागली, तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर तिथे उतरले. पुढे १९२० पर्यंत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून जवळजवळ पाच लाख माणसे गेली. मुंबईहून गेलेल्यांत आपल्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातलेही होते. करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये आणि एक खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची!

त्यांना उतरवून घेणारा डेपो १८४९ साली बांधला. आज त्याचा थोडाच भाग उरला आहे: दवाखाना, स्वयंपाकाची जागा, राहायच्या शेडचे अवशेष आणि बंदरावरून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. शेजारी संग्रहालय आहे.

डेपोत प्रत्येकाला नंबर मिळे आणि रजिस्टरात नोंद होई: नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज. पुढे फोटोही काढू लागले. कारकुनाला ऐकू आले तसे त्याने लिहिले. कित्येक घराण्यांत त्या मूळ पुरुषाचे नावच आडनाव होऊन बसले. हे सगळे मालकाचा मजूर पळू नये म्हणून. पण ती रजिस्टरे मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपली आहेत आणि त्यांवरून आज पणतू आपले मूळ शोधतात. तिथल्या मराठी लोकांनी गणपती सोडला नाही, आपली जाखडी ‘झाकरी’ म्हणून अजून नाचतात. गणेश चतुर्थीला तर देशभर सुट्टी असते.

तिथे मला आपली आठवण झाली. आपले आजे-पणजे बोटीने मुंबईला गेले, गिरणीत लागले, एका खोलीत वीस-वीस जण राहिले. त्यांना कोणी करारावर बांधून नेले नव्हते, म्हणून बंदरावर त्यांची नोंदही कोणी केली नाही. आज सकाळपासून इथे ज्याला त्याला एकच प्रश्न ऐकू येतोय, “खंय आसतंस?” तो प्रश्न त्यांच्याविषयी विचारायला आता माणूस उरला नाही.

मात्र गावातून बाहेर पडलेल्या मुलांची एक नोंद आपल्याकडे आहे. शाळेचे जनरल रजिस्टर. नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. गुरुजींनी सुवाच्य अक्षरात, कुणाला पकडण्यासाठी नव्हे, तर दाखला देता यावा म्हणून लिहिलेली. कोकणातला पावसाळा आणि वाळवी कागदाला किती वर्षे देतात, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझी विनंती एवढीच. मुख्याध्यापकांच्या परवानगीने आपण जुन्या रजिस्टरांच्या पानापानाचे फोटो काढू, एक प्रत शाळेत आणि एक संघाकडे ठेवू. मे महिन्यात मी गावी असतो, आठ दिवस देतो. अजून दोघे-तिघे पुढे या. चहा माझ्याकडे.