शिवराईची पारख



'कुळाला बट्टा लागला' असे आपण सहज बोलून जातो. हा बट्टा मूळचा सराफकट्ट्यावरचा. पेशवाईत नाना टाकसाळींचे रुपये बाजारात फिरत. येथून जवळच चिंचवडलाही टाकसाळ होती. रुपयात चांदी किती आणि तो झिजला किती, हे पाहून सराफ काही रक्कम कापून घेई; तोच बट्टा. तेव्हा नाण्याची पारख ही विद्या आपल्या घरचीच आहे. सराफ धातूचे मोल पाही, संग्राहक दुर्मिळता पाहतो, एवढाच फरक. पण दुर्मिळता ठरवायची कशी? साध्या तांब्याच्या शिवराईवरूनच पाहू.

शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' ही अक्षरे असतात. साल नाही, टाकसाळीचे नाव नाही. शिवछत्रपतींच्या नंतरही हाच मजकूर ठेवून शिवराया पाडल्या जात होत्या. उत्तरकाळातली दुदांडी शिवराई त्यांतलीच. म्हणून हाती आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळची, असे मानणारा भोळा. आणि तसे जाणूनबुजून सांगून विकणारा लबाड.

या घोळातून वाट काढली ती मोजदादीने. पुढे आपल्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर करणारे मिशनरी जस्टिन ॲबट यांनी १८९० च्या सुमारास सुमारे २५,००० शिवराया तपासल्या. त्या काळी त्या अजून ढिगांनी मिळत. त्यांना दिसले, की कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव'. कुठे 'पति', कुठे 'पती'. ठसे खोदणारे हात निराळे, म्हणून अक्षरे निराळी. हजारो नाणी पाहिलेल्या माणसालाच कळते, की अमुक वळण पदोपदी भेटते आणि तमुक क्वचितच. दुर्मिळ काय हे ज्याला जाणायचे, त्याने आधी सामान्य काय ते जाणले पाहिजे. एकच नाणे पाहून 'असे दुसरे नाही' म्हणणे म्हणजे एका शितावरून सबंध कोठाराची परीक्षा!

दुसरी गोष्ट प्रतीची. शिवराईचा ठसा पुष्कळदा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे कडेची अक्षरे बाहेर राहत. अक्षर मुळात उमटलेच नाही, की वापराने झिजले, हा भेद ओळखावा लागतो. वजन करावे, कड पाहावी. ओतीव बनावट नाण्यावर बारीक खड्डे किंवा साच्याची रेघ सापडते. आणि कृपा करून जुने नाणे चिंचेने घासू नका! देवघरातला तांब्या लख्ख झाला तर शोभतो. नाण्याची मात्र शतकांची कांती जाते, अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि किंमतही पडते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नाणे सापडले कोठे, कशाबरोबर, किती? पाया खणताना मडके लागते, नाणी मजुरांत वाटली जातात, उरलेली मोडीत जातात. मडक्यातली सर्वांत उशिराची नाणी ते केव्हा पुरले याचा अंदाज देतात. नाणी पांगली की तो पुरावा पांगला. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू परवान्याशिवाय परदेशी पाठवता येत नाहीत. आज आपल्या भोवती घराघरांचे पाये खणले जात असताना हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

अभ्यासाची साधने आता आहेत. माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठी टाकसाळींवरील इंग्रजी ग्रंथ १९८९ साली निघाला. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे.

तरुण मित्रांना एवढेच सांगतो: नाण्याच्या डबीआधी एक वही विकत घ्या. वजन, अक्षरे, मिळाल्याचे गाव, दिवस आणि दिलेली किंमत तिच्यात टिपा. 'याचे किती येतील?' हा प्रश्न त्या वहीच्या शेवटच्या रकान्यातला आहे. आधीचे रकाने ज्याने प्रामाणिकपणे भरले, त्याला कोणी फसवणार नाही, आणि त्याच्या हातून इतिहासही हरवणार नाही.