आयरिश मजुराचे गाव



१८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. पुढल्या सात वर्षांत सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. त्यांचे वंशज आज अमेरिकेत विचारतात, आमचा मूळपुरुष कोणत्या गावचा? तिथल्या जुन्या शिरगणतीत उत्तर बहुधा एकच: आयर्लंड. कारकुनाला तेवढे पुरे होते! पण आयर्लंडात ६० हजारांवर टाउनलँड. टाउनलँड म्हणजे आपली वाडी म्हणा. नाव कळल्याविना शोधायचे कुठे?

तिकडच्या दप्तराचीही दैनाच. १९२२ च्या यादवीत डब्लिनचा दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ च्या गणत्या जवळजवळ साऱ्या गेल्या. नंतरच्या चार तर सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. जमिनीवर पट्टी बसवण्यासाठी केलेली ग्रिफिथची पाहणी (१८४७–६४) मात्र टिकली. वसुलीच्या कागदाला सहसा वाळवी लागत नाही.

मजुराचे गाव सापडते ते निराळ्याच ठिकाणी. न्यूयॉर्कची एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक १८५० साली निघाली. अनेक खातेदारांना सही येत नसे. म्हणून ओळख पटवायला बँक त्यांचे गाव, आईबाप, जहाज लिहून ठेवी. दुसरे ठिकाण बोस्टनचे 'पायलट' पत्र. कालव्यावर, रेल्वेवर गेलेला नवरा परतला नाही, की बायको त्यात जाहिरात देई. १८३१ ते १९२१ अशा जाहिराती आल्या. त्या बाईने परगणा, पॅरिश, तो कधी निघाला, सारे सांगितलेले असते. वंशज त्या पॅरिशपर्यंत पोचतात, आणि मग तिथल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या उघडतात.