अंगणांतले पाहुणे



शहरांतील बंगल्यापुढें हिरवळ राखण्याची हौस पुष्कळांस असते. गवत नीट कातरलेलें, पाणी वेळेवर, किडीचें नांव नाहीं. आणि फुलपांखरूंही नाहीं!

कारण साधें आहे. फुलपांखरास मध पुष्कळ फुलांतला चालतो. अंडीं घालावयास मात्र ठराविक झाडच लागतें. महाराष्ट्रानें २०१५ सालीं राज्य-फुलपांखरूं म्हणून गौरविलेल्या नीलवंताच्या अळ्या लिंबू-पपनसाच्या जातीचीं पानें खातात. नारिंगी पंखांच्या बिबळ्या कडव्याच्या अळ्या रुईचीं. गवतावर त्या उपाशीं मरतील.

तेव्हां हिरवळीचा एक कोपरा खणून तेथें कागदी लिंबू व रुई लावावी. जोडीस कढीलिंब व पानफुटी, कारण त्यांवरही निराळ्या फुलपांखरांच्या अळ्या पोसतात. पक्ष्यांसाठीं उथळ परळांत पाणी ठेवावें. तें रोज बदलावें. पाचोळा जाळूं नये, झाडांच्या बुडाशीं पसरावा.

इतकें सोपें. कठीण पुढेंच आहे. कढीलिंबाचीं पानें कुरतडलेलीं दिसतांच घरधनी औषधाचा पंप उचलतो. तो हात तेथेंच आंवरला पाहिजे. अळी मारून फुलपांखराची वाट पाहणें म्हणजे मोहोर झोडून आंब्याची वाट पाहणें होय. अतिथीसाठीं पान मांडणाऱ्या घरास झाडावरचीं चार पानें जड वाटूं नयेत.