कुठले तांबे?

मी पारोळ्याचा. शाळेत इतिहासाच्या तासाला १८५७ चा धडा निघाला, की आमचा सगळा वर्ग मागे वळून बघायचा. शेवटच्या बाकावर एक तांबे बसायचा. गुरुजी विचारायचे, "का रे, तू कुठला तांबे?" तो काही बोलायचा नाही. मान खाली घालून बाकावर नखाने रेघा ओढत राहायचा.

आमच्या गावात तांबे म्हटलं की आधी मोरोपंत आठवतात, झाशीच्या राणीचे वडील. गावातला भुईकोट किल्ला हरि सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. पारोळा ही नेवाळकरांची जहागीर, आणि झाशीचं घराणंही नेवाळकरांचंच. म्हणजे खरं तर हे गाव राणीच्या सासरचं. पण आम्ही पारोळेकर तिच्या माहेरचं आडनावही तितक्याच मायेनं घेतो.

मोरोपंत काशीला पेशवे घराण्यातल्या चिमाजी अप्पांच्या पदरी होते. तिथेच मनकर्णिका जन्मली. चार वर्षांची असताना आई गेली आणि पोरीला बापानेच वाढवलं. १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधररावांशी लग्न झालं आणि मनकर्णिका तांबेची लक्ष्मीबाई नेवाळकर झाली. नाव बदललं, आडनावही बदललं. बाप मात्र तिच्या पाठीशी झाशीतच राहिला. १८५८ मध्ये झाशी पडल्यावर इंग्रजांनी मोरोपंतांना पकडून फासावर दिलं. राणीची चित्रं घराघरांत लागली, पण या माणसाचं नाव धड्यात एका ओळीपुरतंच येतं. मला याचं फार वाईट वाटतं.

राणीने दत्तक घेतलेला आनंदराव, म्हणजेच दामोदरराव, हा नेवाळकरांच्या पारोळ्याच्या शाखेतला. इंग्रजांनी राज्य तर घेतलंच, उठावानंतर आमची जहागीरही खालसा झाली. दामोदररावांनी पुढचं आयुष्य इंदूरला काढलं आणि १९०६ मध्ये ते वारले. त्यांच्या वंशजांनी आडनाव लावलं झाशीवाले. हातातून गेलेलं शहर त्यांनी नावात तरी धरून ठेवलं.

तांबे आडनावाची माणसं पुष्कळ, गावं वेगळी, कुळं वेगळी. मुंबईचे प्रवीण तांबे २०१३ मध्ये वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी आयपीएलमध्ये उतरले. तोवर एकही प्रथम श्रेणीचा सामना न खेळलेला हा लेगस्पिनर मैदानात चेंडू टाकू लागला, तेव्हा पारोळ्याच्या चहाच्या टपरीवरही "आपला तांबे" असंच कौतुक झालं.

आणि कवी भास्कर रामचंद्र तांबे. १८७३ चा त्यांचा जन्म, ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीचा. पुढे ते ग्वाल्हेरचे राजकवी झाले. राणीने देह ठेवला तो याच ग्वाल्हेरात, आणि तिच्या समाधीवर मराठीत कविता लिहिली ती या तांब्यांनी. आडनावापलीकडे त्यांचं मोरोपंतांशी काही नातं होतं का, हे विचारायचं आमच्या वर्गात कोणाला सुचलंच नाही. ती कविता आम्ही तालात म्हणायचो. शेवटी गुरुजी कवीचं नाव घ्यायचे, आणि सगळा वर्ग पुन्हा मागे वळायचा. त्या दिवशी मात्र तो मुलगा मान वर करून बसलेला असायचा.