मत मागणारा शब्द आणि मत देणारे मन



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आम्ही निवडणुकीचा विषय काढावा, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु कोणत्या पक्षास मत द्यावे, हे सांगण्यास आम्ही उभे नाही. मत मागताना नीतीचा व धर्माचा जो शब्द आपल्या कानी घातला जातो, तो कसा पारखावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

आपल्या वाशीम जिल्ह्यात 2024 साली 26 एप्रिलला लोकसभेसाठी व 20 नोव्हेंबरला विधानसभेसाठी मतदान झाले. अशा वेळी सोयाबीनचा भाव व सिंचनाचे पाणी हे प्रश्न सहज मागे पडतात आणि पुण्य व पाप, निष्ठा व द्रोह यांची भाषा पुढे येते. नीतीस हाक घालणे मुळात वाईट नव्हे. दुर्बलांस विसरणार नाही, असे म्हणणारा उमेदवार स्वतःस बांधून घेतो. पाच वर्षांनी त्याचा जाब विचारता येतो. उलट, विरुद्ध मत देणारा शेजारीच पापी होय, असे सुचविणारा शब्द बोलणाऱ्यास कशानेही बांधीत नाही. तो केवळ ऐकणाऱ्याचे मन कलुषित करतो. ही पहिली कसोटी होय.

कायद्यानेही येथे मर्यादा घातली आहे. 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 123व्या कलमान्वये धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. मुंबईतील विलेपार्ले येथे 1987 साली झालेल्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. परंतु प्रचारातील भाषणांमुळे ती निवड रद्द झाली व 11 डिसेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्याच दिवशी मनोहर जोशी यांच्या खटल्यात मात्र, महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल हे उद्गार म्हणजे केवळ आशा आहे, धर्माच्या नावाने केलेली याचना नव्हे, असे ठरले. सीमारेषा किती सूक्ष्म आहे, हे यावरून ध्यानी यावे. पुढे 2 जानेवारी 2017 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही.

हेच कलम आम्हां श्रद्धावंतांस विशेष विचार करावयास लावते. अमुकास मत न दिल्यास ईश्वराचा कोप होईल, अशी भीती घालणे यास कायदा गैरवाजवी दडपण म्हणतो. इतरांनी देवाच्या नावाचा बाजार मांडू नये, अशी अपेक्षा धरावयाची, तर वेदीजवळूनही तसा शब्द निघता कामा नये.

आता वृत्तपत्रांकडे वळू. 2009च्या विधानसभा निवडणुकीत एकच स्तुतिपर मजकूर निरनिराळ्या वृत्तपत्रांत जवळजवळ शब्दशः बातमी म्हणून छापला गेल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. पैसे घेऊन छापलेल्या बातमीच्या या रोगाविषयी भारतीय वृत्तपत्र परिषदेने 2010 साली अहवालही सिद्ध केला. जाहिरात ही जाहिरात म्हणून छापली, तर वाचक सावध राहतो. बातमीच्या वेषात आली, तर तो फसतो. आज तीच लबाडी भ्रमणध्वनीवरून क्षणात घरोघर पोहोचते. म्हणून कोणताही संदेश पुढे धाडण्यापूर्वी हे कोणी म्हटले, केव्हा म्हटले आणि ज्याच्यावर दोष ठेवला त्याचे म्हणणे काय, हे विचारणे अगत्याचे आहे. खोटी साक्ष न देण्याची आज्ञा केवळ न्यायालयापुरती नाही. संदेश पुढे ढकलणारा अंगठाही साक्षच देतो.

बंधुभगिनींनो, निवडणूक एका दिवसाची असते, शेजार जन्माचा असतो. ज्याच्या बांधाला आपला बांध लागून आहे आणि ज्याच्या विहिरीचे पाणी आपण अडीअडचणीस आणतो, त्याचे मत आपल्याहून निराळे असले म्हणून तो शत्रू होत नाही. मत गुप्तपणे द्यावे, विचारपूर्वक द्यावे, आणि देऊन परतताना वाटेत तो भेटल्यास त्यास निःशंक मनाने नमस्कार करता यावा, इतके ते निर्मळ असावे, हीच आमची नम्र विनंती.