फिरताना कानात गाणं

फिरायला जाताना वापरायचे इअरफोन असे असावेत, की बाहेरचंही ऐकू येईल.

धरमपुरीत नर्मदेकाठी पहाटे चालणाऱ्याच्या मागून मोटारसायकल येते, ट्रॅक्टर येतो.
रबरी बोंडांचे इअरफोन कानात घट्ट बसतात.
खर्ज भरदार लागतो, पण हॉर्न बुजतो.
शिवाय स्वतःचं प्रत्येक पाऊल कानात धपधप वाजतं.

कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इअरफोन या वाटेला बरे.
त्यांत खर्ज कमी पडतो.

कुमार गंधर्वांचं गाणं ऐकताना तंबोऱ्याची गाज थोडी पातळ वाटेल.
श्रोतेहो, तेवढं सोसावं.
बाहेरचं ऐकू आलं पाहिजे.

कानापुढच्या हाडावर टेकणारेही मिळतात.
त्यांत कान पूर्ण मोकळा राहतो.

घेण्याआधी ते घालून थोडं चालावं, मान वळवावी.
टोचले किंवा निसटले, तर दुसरे पाहावेत.
दोन्ही कानांना एकच माप बसेल, असंही नाही.

आवाज बेताचा ठेवावा.
जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास.

गजबजलेल्या रस्त्यावर मात्र इअरफोन काढून खिशात ठेवावेत.