परक्या मोटारीचा सारथी

छत्रपति संभाजीनगरास पाहुणे आले म्हणजे वेरूळ-अजिंठ्याचा बेत ठरतोच. घरीं मोटार नसल्यास शेजाऱ्याची मागून आणतात, आणि परवाना असलेला घरांतील मुलगा ती हांकावयास बसतो. अजिंठा शंभर किलोमीटरांवर. पेट्रोल कोणी भरावें याचा पुष्कळ खल होतो. विम्याचें नांवहि कोणी काढीत नाहीं.

आपल्या देशांत मोटारीचा विमा मोटारीबरोबर चालतो, हांकणाऱ्याबरोबर नव्हे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांतील सक्तीच्या विम्याचा भाग १ जुलै १९४६ पासून अंमलांत आला. रस्त्यानें जाणारा मनुष्य गाडीखालीं सांपडला, आणि गाडीवाल्याचा खिसा रिकामा निघाला, तर त्या मनुष्याचें कुटुंब उघडें पडूं नये, हा त्याचा हेतु. म्हणून हा 'त्रयस्थाचा' विमा. १९८८ च्या कायद्यानें १४६ व्या कलमांत हीच सक्ति कायम ठेवली. मागून आणलेल्या गाडीचा पादचाऱ्यास धक्का लागला, तरी भरपाई मालकाच्या पॉलिसींतून मिळते. मात्र पॉलिसीची मुदत संपलेली नसावी आणि हांकणाऱ्यापाशीं योग्य परवाना असावा. परवाना नसला तर कोर्ट पुष्कळदां कंपनीस आधीं पैसे देण्यास सांगतें, व ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतें. भिडेखातर किल्ली देणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

परंतु हांकणारा स्वतःच दगावला तर? २००९ सालीं कर्नाटकांतील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. उसन्या मोटारसायकलीवरून जाणारा एक मनुष्य पुढल्या बैलगाडीवर आदळून मरण पावला होता. त्याच्या वारसांनीं कायद्याच्या १६३-अ कलमाखालीं विमा कंपनीकडे भरपाई मागितली. न्यायालय म्हणालें, उसनी गाडी घेणारा मालकाच्याच जागीं उभा असतो. तो त्रयस्थ नव्हे, सबब त्या कलमाखालीं त्याच्या वारसांस भरपाई नाहीं. २०२० सालीं हाच न्याय पुन्हां लागला. त्या खेपेस वारसांच्या हातीं पॉलिसींतील अपघात-कराराचे एक लाख रुपये तेवढे पडले. तर्क बिनचूक खरा, पण ज्या घरचा कर्ता गेला त्या घरास तो फार कोरडा वाटावा.

मालकास जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा लागतो, तो त्याच्या एकट्याचा. पाहुण्या सारथ्यास त्याचा उपयोग नाहीं. अमेरिकेंत गाडी नसलेल्या चालकासाठीं निराळी पॉलिसी असते, पण तीहि मुख्यतः दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी उचलते. तेव्हां वरचेवर परकी गाडी हांकणाऱ्यानें स्वतःच्या नांवें वैयक्तिक अपघात विमा उतरावा. त्यास मोटार असावी लागत नाहीं, आणि तो जिन्यावरून पडल्यावरहि कामास येतो! रविवारपुरता पगारी चालक बोलावणाऱ्या मालकानें थोडा जादा हप्ता भरून त्याची जबाबदारी पॉलिसींत घालून घ्यावी.

गाडीच्या मोडतोडीचें गणित वेगळें. पॉलिसी नुसती त्रयस्थाची असेल तर चेपलेल्या पत्र्याचा खर्च उसनवारी करणाऱ्याच्या अंगावर येतो. पॉलिसी संपूर्ण असली, तरी दावा केल्यावर मालकाची पुढील हप्त्यांतील सवलत बुडते. ती भरून देणें सभ्यपणाचें.

आणि ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे मोजून आणूं नये. खासगी मोटारीची पॉलिसी भाड्याच्या वापरास लागू नसते. स्वतः हांकण्यासाठीं रीतसर भाड्यानें मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी, अक्षरें पिवळीं असतात; निघण्यापूर्वीं ती पाटी आणि पॉलिसीवरील तारीख पाहून घ्यावी.